औद्योगिक रसायनांची आयात : जहाज सुटण्याआधी काय काय हातात हवं

रसायन पहिल्यांदाच आयात करणारा माणूस कस्टम ब्रोकरला फोन करतो तो माल न्हावा शेवाला लागल्यावर. तोवर बराच उशीर झालेला असतो. भारतात रसायनांना लागणारे मोठे परवाने माल परदेशातून निघण्याआधी हातात असावे लागतात, आणि परकीय व्यापार धोरणात समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी निघाल्याची तारीख म्हणून बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल चढवल्यावर जहाज कंपनी देते त्या पावतीची, तारीख धरतात. ब्रोकर कितीही हुशार असला तरी ती तारीख मागे नेऊ शकत नाही. म्हणून खरं काम खरेदीची ऑर्डर काढण्याआधीचं आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार कोड, डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. पॅन क्रमांक हाच कोड असतो. यात एकच मेख आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते, काहीही बदललं नसलं तरी. ते राहिलं की कोड निष्क्रिय होतो, आणि हे कळतं ते बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडचं आयातीचं विवरणपत्र, भरताना.

रसायनाची ओळख आधी पक्की करा

कोटेशनवर व्यापारी नाव असतं. कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. कुठल्याही रसायनासाठी तीन क्रमांक लिहून काढा : कॅस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक), सीमाशुल्क वर्गीकरणाचा आठ अंकी एचएस कोड आणि वाहतुकीचा यूएन क्रमांक. टोल्युइनचं उदाहरण घेऊ. कॅस १०८-८८-३, एचएस २९०२३०००, यूएन १२९४. पहिल्या क्रमांकावरून कळतं की पदार्थ कोणकोणत्या कायद्यांच्या यादीत आहे, दुसऱ्यावरून शुल्क आणि आयात धोरण, तिसऱ्यावरून जहाज आणि टँकर यांचे नियम.

कॅस क्रमांक खरा आहे का, हे कागद-पेन्सिलवर तपासता येतं. शेवटचा अंक हा पडताळणीचा असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे घ्या आणि अनुक्रमे १, २, ३, ४, ५ ने गुणा. टोल्युइनसाठी ८×१, ८×२, ८×३, ०×४ आणि १×५, बेरीज ५३. बेरजेचा शेवटचा अंक ३, आणि क्रमांकाच्या टोकालाही ३. जुळलं. टायपिंगची चूक किंवा पुरवठादाराने ठोकून दिलेला आकडा बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. २०२३ पासून सीमाशुल्क सूचीच्या प्रकरण २८ आणि २९ मधल्या आयातीसाठी बिल ऑफ एंट्रीत आययूपीएसी (शास्त्रीय) नाव आणि कॅस क्रमांक भरणं सक्तीचं आहे, त्यामुळे ही चूक पुढे लपत नाही.

मग सेफ्टी डेटा शीट मागवा. सोळा विभागांची असते. त्यातले तिसरा, नववा आणि चौदावा असे तीन नीट वाचा. तिसऱ्यात घटक आणि त्यांची टक्केवारी, नवव्यात फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते ते), चौदाव्यात यूएन क्रमांक आणि धोक्याची तीव्रता सांगणारा पॅकिंग ग्रुप. तिसऱ्या विभागात घटकाच्या जागी ‘गोपनीय’ असं छापलेलं असेल तर ऑर्डर थांबवा. गुप्तता करार करा, पण नाव काढून घ्या. ड्रममध्ये काय आहे तेच माहीत नसेल तर कुठला परवाना लागतो हे कोण सांगणार?

एचएस कोड ठरवताना एक चूक वारंवार होते. प्रकरण २९ हे स्वतंत्र, निश्चित रचनेच्या सेंद्रिय संयुगांसाठी आहे. त्यात अशुद्धी चालते, पाण्यातलं द्रावण चालतं. पण दोन-तीन सॉल्व्हंट मुद्दाम मिसळून केलेला थिनर २९ मध्ये बसत नाही, तो ३८१४ मध्ये जातो. इतर बरीच मिश्रणं ३८२४ मध्ये. मुख्य घटकाचा कोड लावून मिश्रण आणलं तर प्रयोगशाळेचा अहवाल विरुद्ध येतो, आणि नुसतं शुल्कच नव्हे तर माहिती चुकीची दिल्याचा प्रश्न उभा राहतो. याउलट सगळंच ‘इतर’ या कोडमध्ये ढकलण्याची सवयही महागात पडते, कारण तपासणीत असे कोड लगेच नजरेत भरतात. खरीच शंका असेल आणि तोच माल वारंवार येणार असेल, तर मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे अर्ज करा. निर्णय तीन महिन्यांत देण्याची तरतूद आहे आणि तो पुढे काही वर्षं चालतो.

चाळणी

कोड ठरला की डीजीएफटीच्या आयटीसी-एचएस सूचीत त्या ओळीसमोरचं धोरण बघा : मुक्त, प्रतिबंधित की मनाई. ‘मुक्त’ वाचून थांबू नका. त्याच ओळीतला अटीचा रकाना आणि प्रकरणाच्या शेवटच्या धोरण-टिपा वाचल्याशिवाय तो शब्द अर्धवट आहे.

बोरिक अ‍ॅसिड हे याचं उत्तम उदाहरण. काच आणि सिरॅमिकवाले ते पोत्यांनी वापरतात, कोणाला त्यात धोका दिसत नाही. पण बोरिक अ‍ॅसिड कीटकनाशक अधिनियम १९६८ च्या अनुसूचीत आहे. म्हणून कीटकनाशक सोडून दुसऱ्या कामासाठी ते आणायचं तरी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीचा आयात परवाना लागतो. अर्जात कशासाठी वापरणार, किती वापरणार हे दाखवावं लागतं. व्यापारी म्हणून आणणार असाल तर माल पुढे कोणाला जाणार याचीही तयारी ठेवा. हा परवाना आठवड्याभरात मिळेल असं धरून चालू नका. बोरिक अ‍ॅसिडचे कंटेनर बंदरात पडून राहतात ते बहुतेक याच कागदासाठी.

अ‍ॅसिटिक अनहायड्राइडचा मामला आणखी कडक. हेरॉइन बनवायला ते लागतं, म्हणून नियंत्रित पदार्थ आदेश २०१३ खाली ते येतं. आयातीसाठी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं. शिवाय वापरणाऱ्याची वा विकणाऱ्याची नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी, आणि साठ्याचा हिशोब. एफेड्रिन, स्युडोएफेड्रिन याच गटातले. यात हिशोबाला फार महत्त्व आहे. गळतीने किंवा बाष्पीभवनाने झालेली घट त्याच दिवशी नोंदवा. वर्षअखेरीस ‘अंदाजे’ म्हणून लिहिलेली घट कोणी मान्य करत नाही.

अमोनियम नायट्रेट, किंवा वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण, अमोनियम नायट्रेट नियम २०१२ खाली येतं. त्याला पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा, परवाना लागतो. सिलिंडरमधून येणाऱ्या वायूंसाठीही दार तेच. तिथे आतला वायू आणि बाहेरचा सिलिंडर असे दोन वेगळे प्रश्न असतात. वायूची आयात मुक्त आहे म्हणून सिलिंडरही मुक्त आहे असं नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली सिलिंडरच्या आयातीला वेगळी मंजुरी लागते.

रेफ्रिजरंट आणि फोमसाठी लागणारे एचसीएफसी, एचएफसी या फ्लोरिनयुक्त रसायनांना ओझोनविषयक नियमांची आणि डीजीएफटीच्या परवान्याची चौकट आहे. भारताने २०२१ मध्ये ओझोनविषयक माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिल्यावर एचएफसीही त्यात आले. हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन, पेंटाक्लोरोबेंझीन, हेक्साक्लोरोब्युटाडाइन यांच्यासह सात पदार्थांवर २०१८ च्या चिवट सेंद्रिय प्रदूषकांच्या नियमांनी बंदीच घातली आहे. जुन्या ज्वालारोधकाचं कोटेशन स्वस्तात आलं तर आधी तिथे नाव शोधा. थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन अशी रासायनिक अस्त्र कराराच्या तिसऱ्या अनुसूचीतली रसायनं आणता येतात, पण रासायनिक अस्त्र करार अधिनियम २००० खालची माहितीपत्रकं वेळेवर भरण्याची जबाबदारी गळ्यात पडते.

आणि ज्या रसायनांना औषधातही वापर आहे, उदाहरणार्थ ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल, त्यांच्यासाठी औषध नियमांच्या अनुसूची ड ची सवलत घ्यावी लागते. घाऊक माल असेल तर औषधी वापरासाठी नाही असं आयातदाराने प्रमाणित करायचं. घाऊक नसेल तर प्रत्येक पात्रावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापलेलं हवं. हे लेबल पुरवठादाराकडून भरतानाच लावून घ्या. बंदरातल्या आवारात ड्रमवर लेबलं चिकटवायची परवानगी मागणं आणि ती मिळेपर्यंत भाडं भरत बसणं कोणालाच परवडत नाही. तेच रसायन खाद्यपदार्थातही जात असेल, जसं सायट्रिक अ‍ॅसिड, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा प्रश्नही आधीच निकाली काढा.

स्वस्तातल्या लॉटबद्दल एक इशारा. ‘ऑफ-स्पेक’, ‘रिकव्हर्ड’, ‘युज्ड’ असे शब्द इन्व्हॉइसवर आले की माल रसायन म्हणून नव्हे, तर घातक आणि इतर कचरा नियम २०१६ खाली कचरा म्हणून तपासला जातो. त्याची वाट वेगळी, पर्यावरण मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीची. विल्हेवाटीसाठी आयात करायला तर सरळ बंदी आहे.

बीआयएस : इथे बहुतेक जण फसतात

केंद्र सरकार काही रसायनांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं. अशा मालाला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना आणि चिन्ह लागतं. कॉस्टिक सोड्याचा आदेश २०१८ चा, मानक आयएस २५२. त्यानंतर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, मिथेनॉल, अ‍ॅनिलिन अशी नावं वाढत गेली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड, इथिलीन ग्लायकॉल आणि अनेक पॉलिमरवरचे आदेश मागेही घेतले गेले. म्हणजे यादी दोन्ही दिशांनी हलते. मागच्या वर्षीचा तक्ता भिंतीवरून काढून टाका आणि ऑर्डरच्या दिवशीची राजपत्रातली स्थिती बघा.

मुद्दा असा की आदेश लागू असेल तर परवाना तुम्हाला मिळतच नाही. तो परदेशी उत्पादकाला, त्याच्या विशिष्ट कारखान्याच्या नावावर मिळतो. परदेशी उत्पादक प्रमाणन योजनेत तो अर्ज करतो, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमतो, बीआयएसचे अधिकारी कारखान्यात जाऊन नमुने घेतात, आणि १०,००० अमेरिकन डॉलरची बँक हमी द्यावी लागते. या सगळ्यात महिने जातात. परवाना मिळाल्यावर ड्रमवर किंवा पोत्यावर आयएस क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक येतो.

आता फसगत कशी होते ते पाहा. पुरवठादाराकडे परवाना आहे, पण तो एका कारखान्याचा. माल निघतो त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातून. किंवा मध्यस्थ व्यापारी परवान्याची प्रत दाखवतो आणि माल भलत्याच उत्पादकाचा भरतो. किंवा परवाना घन स्वरूपाचा आणि माल द्रावण. कस्टममध्ये हे ताबडतोब उघडं पडतं, कारण विश्लेषण प्रमाणपत्रावरचा पत्ता, ड्रमवरचा परवाना क्रमांक आणि बीआयएसच्या संकेतस्थळावरची नोंद यांची तिथे गाठ पडते. चिन्ह नसलेला माल दंड भरून सोडवता येईल अशी आशा ठेवू नका. बहुतेक वेळा तो परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो, खर्च तुमचा.

म्हणून खरेदी करारात उत्पादन करणाऱ्या कारखान्याचा पूर्ण पत्ता, बीआयएस परवाना क्रमांक आणि त्याची मुदत लिहा. माल भरण्याआधी एका ड्रमच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागवा आणि तो स्वतः संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून बघा. निर्यातीसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाला अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनखाली (निर्यातमालासाठीच्या शुल्कमुक्त आयातीच्या परवान्याखाली) काही आदेशांत सूट आहे, पण मग तो माल देशी बाजारात वळवता येत नाही.

धोरण मध्येच बदललं तर? मुक्त माल अचानक प्रतिबंधित झाला आणि तुमचं अपरिवर्तनीय लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी) त्या तारखेआधी उघडलेलं असेल, तर ते १५ दिवसांच्या आत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवा. संक्रमणाची सवलत त्यामुळेच मिळते. उधारीवर किंवा आगाऊ पैसे देऊन व्यवहार करणाऱ्यांना एलसीचा हा मार्ग नाही.

साठवण आणि पूर्वसूचना

घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात नियम १९८९ यांतला नियम १८ हा आयातदारांनी सर्वांत जास्त दुर्लक्षिलेला नियम आहे. अनुसूची १ च्या यादीतलं वा तिच्या निकषांत बसणारं रसायन आणत असाल तर आयातीच्या ३० दिवस आधी, ते अगदीच शक्य नसेल तर उशिरात उशिरा आयातीच्या तारखेपर्यंत, अनुसूची ५ मधल्या संबंधित प्राधिकाऱ्यांना कळवायचं असतं : माल घेणाऱ्याचं नाव-पत्ता, प्रवेशाचं बंदर, वाहतुकीचा प्रकार, प्रमाण आणि सुरक्षाविषयक संपूर्ण माहिती. एक पानाचं पत्र, सोबत डेटा शीट, आणि पोचपावती. पोचपावती जपा. पुढे मागितली जाते ती हीच.

गोदामाचा विचारही याच वेळी करा. क्लोरीन १० टन किंवा अमोनिया ६० टन गाठला की याच नियमांतल्या, उत्पादनापासून वेगळ्या साठवणुकीसाठीच्या मर्यादांमुळे तुमच्या जागेवर नवी कर्तव्यं येतात. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात त्या रसायनाचं नाव आणि प्रमाण आहे का, तेही बघा.

पेट्रोलियम कायद्याचं गणित तर अगदी साधं, तरी चुकतं. द्रवरूप हायड्रोकार्बन आणि ते असलेली ज्वालाग्राही मिश्रणं यात येतात. फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सियसखाली असेल तर वर्ग अ, २३ ते ६५ च्या आत वर्ग ब, ६५ ते ९३ च्या आत वर्ग क. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश, म्हणजे वर्ग अ. विनापरवाना साठवण्याची मर्यादा ३० लिटर. एक ड्रम असतो २०० लिटरचा! वीस फुटी कंटेनरमध्ये ८० ड्रम बसतात, म्हणजे १६,००० लिटर. वर्ग ब ला विनापरवाना २,५०० लिटरची मुभा आहे, तीही एकेक पात्र १,००० लिटरच्या वर नसेल तरच. तेव्हा पूर्ण कंटेनर मागवायचा तर पेसोचा साठवण परवाना आधीच हवा, आणि त्यातली क्षमता येणाऱ्या मालाला पुरली पाहिजे. शिल्लक साठा वजा करायला विसरू नका.

कस्टममध्ये

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. पाच दिवस उशीर म्हणजे ३५,०००, आणि त्यात डिमरेज-डिटेंशन (बंदरातली जागा आणि कंटेनर अडवल्याचा आकार) धरलेलं नाही. कागद ई-संचितवर (कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर) चढवायचे : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विश्लेषण प्रमाणपत्र, डेटा शीट, साहित्याचा वापर सांगणारं पत्र आणि वर लागलेले परवाने. विश्लेषण प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक ड्रमवरच्या लॉटशी जुळतो का, हे ओळ न् ओळ बघा. जुन्या लॉटचं प्रमाणपत्र नव्या मालाला जोडणं ही पुरवठादारांची नेहमीची सवय आहे.

शुल्काचा अंदाज असा. विमा आणि भाड्यासह किंमत १० लाख रुपये आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के असेल, तर शुल्क ७५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,५००. मिळून होतात १०,८२,५००, त्यावर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५०. एकूण भरणा २,७७,३५०. यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून खरा खर्च ८२,५०० चा. तुमच्या रसायनाचे दर वेगळे असू शकतात, पण गुणाकाराचा क्रम हाच. अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचं जादा शुल्क) लागू असेल तर अधिसूचनेतला तक्ता उत्पादकाच्या नावाने वाचा. नावात ‘कंपनी’ आणि ‘ग्रुप’ एवढा फरक असला तरी सर्वांत चढा दर लागू शकतो. मुक्त व्यापार कराराची सवलत घेत असाल तर कॅरोटार २०२० (मालाच्या मूळ देशाच्या पडताळणीचे नियम) चा फॉर्म १ आधीच भरून ठेवा. मूळ देशात मूल्यवर्धन कसं झालं हे अधिकारी विचारतो तेव्हा ‘पुरवठादाराला विचारून सांगतो’ हे उत्तर पुरत नाही.

नमुना घेतला गेला तर घाबरू नका, पण टेस्ट मेमोवर (नमुन्यासोबत प्रयोगशाळेला जाणाऱ्या कागदावर) काय प्रश्न लिहिलाय ते ब्रोकरकडून समजून घ्या. ‘हे मिश्रण आहे का’ आणि ‘शुद्धता किती’ यांची उत्तरं वेगळ्या दिशेला नेतात. अहवाल यायला वेळ लागणार असेल तर सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १८ खाली बंधपत्र देऊन तात्पुरत्या मूल्यांकनावर माल सोडवण्याची विनंती करा, किंवा कलम ४९ खाली तो गोदामात हलवा. परवान्याचाच प्रश्न असेल तर मात्र यातलं पहिलं चालत नाही.

बंदराबाहेर

बंदरापासून गोदामापर्यंतची वाहतूक केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे होते की नाही, हे पाहणं १९८९ च्या त्याच नियम १८ खाली आयातदाराचंच काम आहे, वाहतूकदाराचं एकट्याचं नाही. टँकरवर यूएन क्रमांकासह आणीबाणीचा माहितीफलक, केबिनमध्ये चालकाला वाचता येईल अशा भाषेतलं ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं ते सांगणारं), आणि चालकाकडे घातक मालाच्या प्रशिक्षणाची परवान्यावर नोंद. फलकावर मागच्या फेरीचा यूएन क्रमांक राहून जातो, म्हणून गेटमधून सुटण्याआधी चारही बाजूंचे फोटो घ्या. माल पोचला की त्याच नियमांच्या अनुसूची १० प्रमाणे आयातीची नोंद करा, आणि बिल ऑफ एंट्रीपासून लॉट प्रमाणपत्रापर्यंतची फाइल पाच वर्षं ठेवा, लॉट क्रमांकाने शोधता येईल अशी.